पांढरीवरची माणसं

आमच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधून झाली, तेव्हा तिच्या दर्शनी भिंतीवर गावाची माहिती रंगवायचं ठरलं. तीन रकाने करायचे होते: इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. सरपंचबाई स्वतः हायस्कुलात आल्या आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "मॅडम, भूगोल तुम्ही शिकवता. मजकूर तुम्हीच करून द्या. पेंटर सोमवारी येतोय."

मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं मी पोरांना नाईल शिकवली, अॅमेझॉन शिकवली. आमच्या प्रवरेबद्दल सांगायचं तर पुस्तक मिटून खिडकीकडे हात करावा लागायचा. आता तिच्याबद्दल भिंतभर लिहायला मिळणार होतं.

भूगोल एका बैठकीत झाला. प्रवरा तिकडे भंडारदऱ्याच्या वर, डोंगरात उगम पावते. तिथं भात पिकतो, पावसात माणूस आठवडाभर वाळत नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत ती रुंद आणि संथ झालेली असते. आमच्या आभाळात फारसा पाऊस नाही. आमची काळी जमीन, आमचा ऊस, आमचा कांदा हे सगळं दुसऱ्यांच्या आभाळातून आलेल्या पाण्यावर उभं आहे. धरणातून आवर्तन सुटलं की नदीकाठची माणसं बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघत उभी राहतात. काही काम नसतं, नुसतं बघायचं. हे मी मजकुरात लिहिलं नाही, पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होतं.

इतिहासाला थोडा वेळ लागला. नदीवरचा दगडी घाट कुणी बांधला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. महादेवाच्या देवळावर एकही अक्षर कोरलेलं नाही. मंगळवारचा बाजार मात्र जुना, आसपासच्या गावांची माणसं बैलगाड्यांनी यायची, हे म्हाताऱ्यांनी सांगितलं. मग पाट आले, साखर कारखाना आला, गाव वाढलं. मी तेवढं नीट मांडलं.

राहिली लोकसंख्या. त्यासाठी मी ग्रामसेवकांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी कपाटातून फाईल काढून मला आकडा सांगितला.

"यात पांढरीवरची वस्ती धरली आहे का, भाऊसाहेब?"

"नाही मॅडम. ती तात्पुरती वस्ती आहे."

ते सहज बोलले. नवीन बदलून आले होते, त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "त्या तात्पुरत्या वस्तीत मी लहानाची मोठी झाले. माझी आई अजून तिथंच राहते."

भाऊसाहेबांनी फाईल मिटली. 

माझे आईवडील पाथर्डीकडचे. तिकडच्या गावात जमीन होती, पण तिच्यात दगड जास्त आणि पाणी नाही. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला बाहेर पडायची. आमची बैलगाडी इकडे प्रवरेच्या पट्ट्यात यायची. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालायच्या, कारखाना बंद झाला की त्या मोडायच्या आणि परत जायचं, असं चाललेलं. मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. एका वर्षी हंगाम संपला, गाडीत भांडी भरली, वडिलांनी बैल जुंपले, आणि आई खाली उतरून उभी राहिली.

वडील म्हणाले, "बस की."

आई म्हणाली, "मी न्हाई येत. तिकडं जाऊन टँकरची वाट बघत बसायचं, अन् दिवाळी झाली का परत हितंच यायचं. मंग हितंच ऱ्हाऊ. हितं नदी हाय."

"ऱ्हायचं कुठं?"

आईनं आधीच जागा बघून ठेवली होती. गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो. ओढ्यापलीकडे उंचवटा आहे, राखेसारख्या पांढऱ्या मातीचा. लोक त्याला पांढरी म्हणतात. कुणी तिथं पेरत नसे, घर बांधत नसे. जुनं गाव तिथं बसलेलं होतं आणि उठलं, एवढंच सगळ्यांना ऐकून माहीत. ती जागा कुणाच्या वापरात नव्हती, म्हणून आम्हाला कुणी हटकलंही नाही. आईनं कोपीच्या मेढीसाठी खड्डा खणला तर हाताला खापरं लागली. तांबूस, पातळ, वर काळ्या रेघा काढलेली. माझी पहिली भातुकली त्या खापरांची. आमच्या मागून आईच्या माहेरची दोन घरं आली, मग त्यांची भावकी आली, आणि पांढरीवर वस्ती झाली.

नदी होती, पण प्यायचं पाणी गावातल्या हापशावरून आणावं लागायचं. पावसाळ्यात प्रवरेला पाणी चढलं की ते ओढ्यात तुंबायचं आणि वस्तीचं बेट व्हायचं. शाळेचे किती दिवस त्यात गेले! आई साडी खोचून ओढ्यात उतरायची, पाण्याचा जोर बघायची, आणि कमरेच्या वर लागलं तर परत येऊन म्हणायची, "आज घरीच वाच." तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्यानं वाचत नसले की तिला लगेच कळायचं.

मी शिकले, डी.एड. केलं, पुढे बी.ए., बी.एड. केलं, त्याच गावच्या हायस्कुलात लागले. गावात घर केलं. वडील गेले त्यानंतर आईला कितीदा म्हटलं, ये माझ्याकडे. तिचं उत्तर ठरलेलं, "ही जागा मी निवडलीय." कोपीच्या जागी आता पत्र्याची घरं झाली होती, काही पक्की झाली होती. बरीच घरं अजूनही हंगामात दूरच्या फडांवर तोडीला जायची, पण परत यायची ती इथंच. माणसांची आधारकार्डं होती, पोरं गावच्या शाळेत होती. फक्त गावाच्या हिशेबात वस्ती नव्हती. गावठाणात नाही, नळयोजनेत नाही, लोकसंख्येतही नाही.

सोमवारी पेंटर आला. त्यानं निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत भूगोल काढला, इतिहास काढला. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आकडा?"

"तो राहू दे," मी म्हटलं.

रिकामा रकाना गावाला दिसायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी तर तिथं घोळकाच जमला. संध्याकाळी माजी सरपंच माझ्या घरी आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. गावातली पहिली पाण्याची टाकी त्यांनी मारामारी करून आणली होती आणि ती टाकी त्यांना स्वतःच्या शेतापेक्षा जास्त प्रिय. वाईट माणूस नाहीत, पण शब्द जपून वापरायची त्यांना सवय नाही.

"मॅडम, भिंत अर्धी का ठेवली?"

"दादा, अर्ध्या गावाचा आकडा मी कसा लिहू?"

"ती माणसं गावची नाहीत. सहा महिने इथं, सहा महिने फडावर. त्यांना नळ दिला तर आमच्या गल्लीला पाणी चढायचं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, गावात राहता. आता त्यांच्यातल्या राहिल्या का तुम्ही?"

मी चहाचा कप त्यांच्या पुढे ठेवला. "दादा, मी त्यांच्यातलीच आहे. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंचा फोन आला. "मॅडम, दादा माझ्याकडेपण येऊन गेले. मी एकटी नाही ठरवू शकत. एक मेच्या ग्रामसभेत विषय घेते. तुमच्या माणसांना घेऊन या."

एक मे म्हणजे बरोबर वेळ. तोपर्यंत कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, गाळप संपलेलं असतं, तोडीला गेलेली माणसं वस्तीवर परत आलेली असतात. पण वस्तीला तयार करणं सोपं नव्हतं. आईच्या अंगणात सगळे जमले आणि जो तो कच खाऊ लागला. एक जण म्हणाला, "आजवर कुनी उठवलं न्हाई, ते आपुन गप हाय म्हनून. तोंड उघडलं अन् उठवलं तर?" दुसरी म्हणाली, "सभेत आमच्यासारख्यांनी काय बोलायचं?"

आई चुलीपुढून उठून आली. "गप बसून काय मिळालं? ओढा तसाच हाय, हंडा तसाच हाय. बोलायचं न्हाई तर नका बोलू. पर येऊन बसा तर खरं. दिसू तर द्या किती हाय आपन."

त्या सकाळी वस्ती ओढा उतरून निघाली. ओढा कोरडा होता. बायकांनी लग्नाकार्याच्या साड्या नेसल्या होत्या, पुरुषांच्या टोप्या धुतलेल्या होत्या, कडेवर पोरं होती. गावातून जाताना दुकानदार बाहेर येऊन बघत होते. ग्रामपंचायतीपुढच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. आमची माणसं सवयीनं मागे, कडेला टेकू लागली. आई सरळ पुढे गेली आणि सरपंचबाईंच्या टेबलासमोर मांडी घालून बसली. मग एकेक करून सगळे पुढे आले.

झेंडा झाला, मागच्या सभेचं वाचून झालं, विषय निघाला. पांढरीवरची वस्ती गावठाणात घ्यावी, ओढ्यावर फरशी पूल करावा, नळ द्यावा, असा ठराव. दादा उभे राहिले आणि त्यांनी जे घरी सांगितलं तेच मोठ्या आवाजात सांगितलं. टाकीचा मुद्दा खरा होता, माना हलत होत्या. शेवटी ते म्हणाले, "आणि गाव म्हणजे काय धर्मशाळा नाही. आपले वाडवडील इथं राहिले, म्हणून आपण इथं आहोत. ही बाहेरची माणसं आहेत."

माझी पाळी आली. मी तयारीनं गेले होते. पिशवीतून खापरं काढली आणि सगळ्यांना दाखवली. सांगितलं की प्रवरेच्या काठानं अशी खापरं ठिकठिकाणी सापडतात, जाणकार ती हजारो वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे या नदीवर माणूस पहिल्यांदा वसला तो अशाच पांढरीवर. आपण जिला वस्ती म्हणतो ती या गावाची सगळ्यांत जुनी जागा आहे. वर्गात हा धडा मी घेतला असता तर पोरं गप्प झाली असती.

दादा म्हणाले, "मॅडम, खापरांना मत नसतं."

सगळी सभा हसली. वस्तीवरची दोन माणसंसुद्धा हसली.  मी खापरं पिशवीत घालू लागले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. "मला उठवा गं कुनी तरी."

त्या दादांच्या चुलती होत्या. गावात सगळ्यांच्या थोरल्या काकू. वय झालेलं, कान तल्लख, ग्रामसभेला यायचा त्यांना भारी शौक. दोघींनी धरून त्यांना उभं केलं. दादांनी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी हातानं मागे सारली.

"वाडवडील म्हनला ना तू? मंग ऐक. तुझा पंजोबा पारनेरकडून आल्ता. दुष्काळात. एक म्हस अन् दोन पोरं. माझ्या सासऱ्यानं मला सांगितलंय, ते तवा लहान हुते. ह्या गावात कुनी वळखीचं न्हवतं. नदीच्या काठाला चिंचेखाली पडून हुते. भोयांच्या घरानं भाकरी दिली, मंग जगले. तवा कुनी म्हनलं न्हाई, तुमी बाहेरचे. म्हनलं असतं तर तू आज हितं उभा असता का?"

दादांनी पुढे केलेली खुर्ची मागे घेतली. काकूंपुढे त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

पुरुषांतून नावाडी भोयांपैकी एक म्हातारा उठला. त्यांचं घर गावातलं सगळ्यांत जुनं धरतात. तो म्हणाला, "आता निघालंच हाय तर सांगतो. आमी बी हितले न्हाई. आमचे लोक गोदावरीवरनं वर वर आले, माशामागं."

मग सभेला काय झालं कोण जाणे. किराणा दुकानदार उठले, म्हणाले, "आमचं तर सगळ्यांना माहीत आहे, आम्ही राजस्थानातून आलो. माझे आजोबा मराठी शिकले ते या बाजारातच." मळ्यातला एक शेतकरी म्हणाला, "आमचं गाव मुळा धरणात गेलं. माझ्या वडिलांचं घर आजही पाण्याखाली आहे. इथं जमीन मिळाली." कुंभाराच्या घरचा एक जण उठला, शिंप्यांचे दोघे उठले. जो तो उठून आपण कुठून आलो ते सांगू लागला, आणि सांगताना आवाजात लाज नव्हती, ऐट होती. बैलगाडीतून आलो, चालत आलो, डोक्यावर देव घेऊन आलो. मी वर्षानुवर्षं या गावात राहिले, शिकवलं, पण यातलं अर्ध्याहून जास्त मला ठाऊक नव्हतं. मी घाट आणि देऊळ लिहिलं होतं. गावाचा इतिहास तर समोर सतरंजीवर बसला होता.

मागून एका तरुण सुनेनं मोठ्यानं विचारलं, "आणि आम्ही? गावातल्या सगळ्या बायका लग्न करून आलेल्या. आम्ही सगळ्या बाहेरच्याच की!"

बायकांत असा हशा उठला की मंडपाच्या कनाती हलल्या. सरपंचबाई स्वतः पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "मी राहुरीकडची. तरी तुम्ही मला सरपंच केलंच ना?"

हसणं ओसरलं तेव्हा आई उभी राहिली. तिनं आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. 

"मला भाषान येत न्हाई," ती म्हणाली. "मी फकस्त सांगते. ह्या नदीसाठी आमी थांबलो. तुमी बी नदीसाठीच थांबला. दुसरं काय हाय?"

आणि ती बसली.

दादांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.  मग ते म्हणाले, "पण टाकीचं काय? नुसते हात वर करून पाणी चढत नाही."

"मग नवी टाकी ठरावात घाला," सरपंचबाई म्हणाल्या. "तुम्हीच मागणी लावून धरा. तुमच्याइतकं कुणाला जमतंय?"

"घाला," दादा म्हणाले. "पांढरीवर उंचावर बांधा. खालच्या गल्ल्यांना आपोआप पाणी मिळेल." आणि टाकीची जागा स्वतःच ठरवून झाल्यावर त्यांनी हात वर केला. त्यांच्या मागे मंडपभर हात वर गेले. आमच्या वस्तीची माणसं एकमेकांकडे बघत होती, आपण हात वर करायचा की नाही ते त्यांना कळत नव्हतं. थोरल्या काकू ओरडल्या, "करा की वर! तुमचाच ठराव हाय!"

ते हात वर गेले तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढचे दिवस मी आणि भाऊसाहेब पांढरीवर घरोघर फिरलो. माणसं मोजायची होती. जनगणनेचं काम मी आधीही केलेलं, पण लोक आपल्याला मोजून घ्यायला इतके आतुर झालेले कधी पाहिले नव्हते. आम्ही पोचायच्या आत घरातले सगळे ओट्यावर येऊन उभे असत, केस विंचरून, पोरांना तेलपाणी करून. एका गरोदर बाईनं पोटावर हात ठेवून विचारलं, "हे धरता येतं का?" भाऊसाहेब गंभीर होऊन म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी नक्की." आईच्या दारात आम्ही थांबलो. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं सांगितलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "माहीत हाय मला, मोजता येत न्हाई. पर नाव ऐकून घ्या. बैल त्यांनी सोडले हुते हितं." भाऊसाहेबांनी पेन बाजूला ठेवलं आणि नाव ऐकून घेतलं.

पेंटरला परत बोलावलं. त्यानं तिसरा रकाना भरला. तो आकडा मी इथं देत नाही. तो भिंतीवर आहे, आणि आता जुना झालेला आहे, कारण त्यानंतर वस्तीवर बारशी झाली. इतिहासाचा रकाना मात्र मी पुसायला लावला. पेंटर कुरकुरला. नव्यानं लिहिलं ते थोडक्यात असं, की या गावात प्रत्येक घर कुठून तरी आलं, आणि प्रवरेमुळे राहिलं. घाट आणि देऊळ त्याच्या खाली एका ओळीत बसले.

कागद वर गेले, अडले, परत आले. दादांनी ते पुन्हा पाठवले. पाण्यासाठी तालुक्याला खेटे घालण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आधी ओढ्यावर फरशी पूल झाला. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी ओढ्यात तुंबलं तेव्हा मी मुद्दाम सकाळी तिथं गेले. खाली गढूळ पाणी फिरत होतं आणि वरून वस्तीची पोरं दप्तरं हलवत, एकमेकांना ढकलत, वेळेवर शाळेला चालली होती. पाण्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. पुढे टाकी झाली, पाईप आले. आईच्या दारातल्या नळाला पाणी आलं त्या दिवशी तिनं ओंजळभर पिऊन बघितलं आणि म्हणाली, "हापशाचं जास्त ग्वाड हुतं." मग तिनं पिंप भरलं, हंडे भरले, पातेली भरली, आणि भरायला काही उरलं नाही तेव्हा अंगण धुऊन काढलं.

परवाच्या ग्रामसभेला मी जरा उशिरा पोचले. बाहेरूनच कालवा ऐकू येत होता. पांढरीवरच्या बायका आणि खालच्या गल्लीतल्या बायका समोरासमोर उभ्या होत्या. वस्तीला पाणी पहाटे सुटतं, ते सकाळी सुटायला हवं, अशी वस्तीची तक्रार. सकाळची वेळ आमची, ती देणार नाही, असं गल्लीचं म्हणणं. आई सगळ्यांत पुढे होती, हातवारे करून बोलत होती. दादा वैतागून मला म्हणाले, "बघा मॅडम, पांढरीवाल्या फार बोलायला लागल्या."

आईनं ते ऐकलं. मागे न वळताच म्हणाली, "गावातल्या बाया हाय. बोलनारच."

सरपंचबाई टेबल बडवून सांगत होत्या, एकेकीनं बोला, एकेकीनं बोला. कुणी ऐकत नव्हतं.